आधी शुभवर्तमान वाचा, मग चर्च निवडा

धर्माबाद, बिलोली, देगलूर, उदगीर या पट्ट्यात ज्यांना येशू ख्रिस्ताची ओढ लागली आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. कुणी घरातल्या आजारपणात शेजारच्या मावशींसोबत प्रार्थनेला गेलं असेल, कुणी मोबाइलवर प्रवचन ऐकलं असेल, कुणाच्या हाती नवा करार आला असेल. लगेच पुढचा प्रश्न येतो, बाप्तिस्मा कुठं घ्यायचा आणि कोणत्या चर्चमध्ये जायचं? माझी कळकळीची विनंती आहे, घाई करू नका.

कवी नारायण वामन टिळकांना १८९३ साली रेल्वेच्या प्रवासात एका परक्या सहप्रवाशानं नवा करार दिला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनानं ते भारावले, तरी लगेच कुठं गेले नाहीत. वाचलं, शंका काढल्या, पत्रव्यवहार केला आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. टिळकांसारख्या विद्वानाला दोन वर्षं लागली, तर तुम्हाला वेळ लागला म्हणून श्रद्धा कमी पडली असं समजू नका. मार्ककृत शुभवर्तमानापासून सुरुवात करा. अध्याय सोळाच आहेत. ते आपल्या मराठीत, सावकाश वाचा.

मग चर्च. आपण महाराष्ट्राच्या सीमेवर राहतो, त्यामुळे वाटा अनेक आहेत. नांदेड-लातूर हा भाग १९७७ साली स्थापन झालेल्या कॅथलिक औरंगाबाद धर्मप्रांतात येतो. पलीकडे तेलंगणात निजामाबाद-मेदककडे चर्च ऑफ साउथ इंडिया आहे. १९४७ साली अँग्लिकन, मेथडिस्ट आणि इतर काही मंडळ्या एकत्र येऊन ते बनलं. १९७० साली नागपुरात तसंच चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं. शिवाय मेथडिस्ट आहेत, बॅप्टिस्ट आहेत, पेंटेकॉस्टल आहेत आणि घरगुती प्रार्थनासभाही आहेत. फरक समजून घ्या. कॅथलिक सात संस्कार मानतात आणि पोपचा अधिकार मानतात. कॅथलिक, मेथडिस्ट, चर्च ऑफ साउथ इंडिया यांच्यात तान्ह्या बाळालाही बाप्तिस्मा देतात. बॅप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्या मात्र समजत्या वयात, स्वतःच्या कबुलीवर, पाण्यात बुडवून देतात.

मिरचीचं पोतं घेताना धर्माबादचा माणूस वरची मिरची पाहून सौदा करत नाही, हात खाली घालून पाहतो. चर्चही तसंच पाहा. एका रविवारच्या गाण्यावर निर्णय घेऊ नका. तीन-चार ठिकाणी जाऊन बसा, पाळकांना मोकळेपणानं विचारा. तुमच्याकडे नवीन माणसाला शिकवण किती दिवस देता? दशांशाचा, म्हणजे लोकांनी दिलेल्या कमाईच्या दहाव्या हिश्शाचा, हिशेब मंडळीसमोर मांडता का? पास्टरांची चूक झाली तर विचारणारं कुणी आहे का? प्रश्न विचारल्यावर रागावणाऱ्या ठिकाणी थांबू नका. प्रार्थनेवर विश्वास असेल तर गोळ्या बंद करा, असं कुणी सांगितलं तर तिथून उठा. प्रार्थना करा आणि औषधही घ्या. पैसे, नोकरी, लग्न यांचं आमिष दाखवणाऱ्याकडून बाप्तिस्मा घेऊ नका.

कागदपत्रांचंही स्पष्ट बोलू. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांनाच आहे. ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही. अनुसूचित जमातींसाठी त्या आदेशासारखी धर्माची अट नाही. मुलांच्या शिक्षणाशी हा प्रश्न जोडलेला आहे, म्हणून आधी माहितगार वकिलाला भेटा. धर्मांतराबाबत राज्यात सध्या लागू असलेले नियमही त्यांच्याकडूनच समजून घ्या. खोटी माहिती देऊन जातीचा दाखला टिकवणं हे श्रद्धेलाही शोभत नाही.

आणि घरच्यांना अंधारात ठेवू नका. टिळकांच्या बाप्तिस्म्याचा घाव त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर बसला, पती-पत्नी काही वर्षं दुरावले. पुढं लक्ष्मीबाई स्वतःच्या विचारानं १९०० साली ख्रिस्ती झाल्या. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ जरूर वाचा, त्यात त्या काळचं दुःख आणि प्रेम दोन्ही आहे. आईवडील, पत्नी, पती यांना तुमच्या मनातलं आधी तुमच्याच तोंडून कळू द्या. त्यांच्या सणाचा, देवाचा अपमान करून कुणी ख्रिस्ताच्या जवळ जात नाही.

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या मठातल्या भगिनींनी सांगितलेलं सगळं मुकाट मान्य केलं नाही. त्या वाद घालत राहिल्या, बायबल तपासत राहिल्या आणि अखेर मूळ हिब्रू-ग्रीकवरून स्वतः मराठी बायबल केलं. केडगावला त्यांनी निराधार बायकांना घर दिलं. पंथ निवडताना हाच निकष लावा. जिथं तुम्हाला विचार करायला मोकळीक आहे आणि जिथली माणसं गरिबाच्या, विधवेच्या, आजाऱ्याच्या कामी येतात, तिथं जा. एकदा निवडलंत की मात्र टिकून राहा, उणिवा दिसल्या तरी दर महिन्याला नवी मंडळी शोधत फिरू नका. तिथल्या माणसांची सेवा करा, त्यांनाही तुमची करू द्या.