शब्दार्थ आणि उच्चार : शेड्यूल

या आठवड्याचा शब्द आपल्या घरातल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, नोकरीची जाहिरात, सगळीकडे तो छापलेला असतो. अर्थ विचारला की मात्र बहुतेक जण ‘म्हणजे आपली जात’ असे सांगून मोकळे होतात.

शेड्यूल म्हणजे मुळात कागदाची चिठ्ठी. शब्द लॅटिनमधला, त्याचे मूळ ग्रीक. मोठ्या दस्ताला अशी चिठ्ठी जोडत, म्हणून पुढे जोडलेल्या यादीलाच हे नाव पडले. कायद्याच्या शेवटी असते ती अनुसूची म्हणजे शेड्यूल. खरेदीखतात मिळकतीचे वर्णन आणि चतुःसीमा असतात, तेही शेड्यूल. रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्यातील दुसऱ्या अनुसूचीत जिचे नाव आहे, ती शेड्यूल्ड बँक. तिच्याकडे पाहून कोणी नाक मुरडत नाही; उलट ठेव ठेवताना लोक तेच आधी विचारतात!

आपल्याला लागलेला शब्द १९३५ च्या भारत सरकार कायद्यातून आला. त्यापूर्वी सरकारी कागदांत ‘डिप्रेस्ड क्लासेस’ असे लिहीत. १९३६ च्या आदेशाला जातींची प्रांतवार यादी जोडली गेली. बाबासाहेबांनी १९४२ मध्ये काढलेल्या पक्षाच्या नावातही, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनमध्ये, हाच शब्द होता. संविधानाला आज बारा अनुसूची आहेत, पण एकीतही ही यादी नाही. कलम ३४१ प्रमाणे राष्ट्रपतींनी १९५० साली काढलेल्या आदेशाला ती जोडलेली आहे. त्याच आदेशातील धर्माच्या अटीत दुरुस्ती होऊन १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. तेव्हा ‘शेड्यूल्ड’ म्हणजे यादीत नोंदलेला. उच्च-नीच असा अर्थ त्या शब्दात कुठेही नाही.

कचेरीत मात्र सर्रास ऐकू येते, ‘तो शेड्यूल आहे.’ अहो, माणूस यादी कसा असेल? असे बोलणाऱ्याचे व्याकरणही कच्चे आणि मनही.

आता उच्चार. इंग्लंडमध्ये ‘शेड्यूल’, अमेरिकेत ‘स्केजूल’. त्याही आधी इंग्रज ‘सेड्यूल’ म्हणत. आपल्याकडे पहिला रुळला आहे, पण दुसराही चूक नाही. मुलाखतीत कोणी उच्चारावरून हसलेच, तर आपल्या मुलामुलींनी बिचकू नये. शब्दकोशात दोन्ही सापडतात.

वेळापत्रक हाही एक अर्थ आहे. काम वेळेवर चालले असेल तर ‘ऑन शेड्यूल’, मागे पडले तर ‘बिहाइंड शेड्यूल’, वेळेआधी झाले तर ‘अहेड ऑफ शेड्यूल’. सरकारी कामाबाबत हा तिसरा प्रयोग क्वचितच करावा लागतो.

पुढील अंकात ‘मेरिट’ हा शब्द पाहू.