तेलाची वाट, माणसांची वाट

म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष विन मिंट फेब्रुवारी २०२० मध्ये भारतभेटीवर आले, तेव्हा दोन्ही देशांनी संयुक्त निवेदन काढले. पेट्रोलियम पदार्थांचे शुद्धीकरण, साठवण आणि विक्री यांत एकमेकांना साथ देण्याचे त्यात ठरले होते, म्यानमारमध्ये तेल-वायू काढणाऱ्या आपल्या सरकारी कंपन्यांच्या गुंतवणुकीचे स्वागत होते, आणि मानवी तस्करी रोखून सुटलेल्यांना घरी पोचवण्याविषयीचा सामंजस्य करारही याच भेटीत झाला. तेल आणि माणूस एकाच बैठकीत आले, पण एकमेकांशी कुठेही बांधले गेले नाहीत. पुढच्या वर्षी १ फेब्रुवारीला तिथल्या लष्कराने सत्ता बळकावली. वायू वाहत राहिला आणि तस्करी वाढत गेली. आमचे म्हणणे असे की हे दोन विषय वेगळे ठेवण्यातच चूक आहे. ऊर्जेच्या कराराच्या पोटातच तस्करीविरोधी अट लिहिली पाहिजे, आणि ती पैशाच्या हप्त्याला जोडली पाहिजे.

तेलवाहिनी किती जपली जाते ते पाहा. बंगालच्या उपसागराच्या काठी क्याउकफ्यू इथून दोन वाहिन्या निघतात आणि अख्खा देश ओलांडून रुइलीजवळ चीनमध्ये शिरतात. वायूची २०१३ मध्ये सुरू झाली, कच्च्या तेलाची २०१७ मध्ये. तेलाची वाहिनी म्यानमारच्या हद्दीत ७७१ किलोमीटर लांब आहे. तिच्या वाटेवरच्या मुलखात लष्कर आणि बंडखोर गट लढत आहेत, तरी तेल जाते आहे, कारण चीनची मर्जी दोन्ही बाजूंना हवी आहे. वाहिनीला गळती लागली की दाब उतरतो, नियंत्रण कक्षातला काटा हलतो आणि माणसे धावतात. त्याच देशाच्या थायलंडकडच्या सीमेवर मोई नदी आहे. उन्हाळ्यात काही ठिकाणी ती चालत ओलांडता येते. बँकॉकला डेटा एंट्रीची नोकरी आहे असे ऐकून निघालेला मुलगा विमानतळावर गाडीत बसतो, मे सोतला पोचतो आणि तिथून नदीपलीकडे म्यावडीला नेला जातो. पासपोर्ट काढून घेतात, हातात मोबाइल देतात आणि रोज किती जणांना गंडवायचे ते सांगतात. नाही जमले तर मार, उपासमार, नाहीतर दुसऱ्या टोळीला विक्री. म्यानमारमध्ये अशा कामाला किमान १,२०,००० माणसे जुंपलेली असावीत, असे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितले. एवढी माणसे नाहीशी होईतो कुठल्याही कक्षातला काटा हलला नव्हता.

परराष्ट्र व्यवहारात मुरलेले लोक म्हणतील, विषयात विषय मिसळला की दोन्ही हातचे जातात. त्यांच्यापाशी दाखलाही आहे. जानेवारी २००५ मध्ये भारत, बांगलादेश आणि म्यानमारचे मंत्री यांगूनला जमले. मणिशंकर अय्यर तेव्हा आपले पेट्रोलियममंत्री होते. म्यानमारचा वायू बांगलादेशातून भारतात आणायचा बेत होता. बांगलादेशाने त्याबदल्यात नेपाळ-भूतानशी व्यापारासाठी वाट मागितली, तिकडची वीज मागितली, भारताशी असलेली व्यापारतूट कमी करा म्हटले. बोलणी रेंगाळली आणि वायू चीनकडे गेला. हा धोका खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्याला जे मोलाचे वाटते ते तो वाहिनीच्या वाटाघाटीत आणतो, हेही याच दाखल्यातून दिसते. वीज आणता येते, तर माणूसही आणता येईल. शिवाय वायू हातचा गेला तरी आपण त्या व्यवहारातून बाहेर पडलेलो नाही. म्यानमारच्या श्वे वायुक्षेत्रात ओएनजीसी विदेशचा १७ टक्के आणि गेलचा ८.५ टक्के वाटा आहे, आणि चीनकडे वायू नेणाऱ्या वाहिनीच्या कंपनीतही दोघींची भागीदारी आहे. बोलायला आपल्याला जागा आहे. वाहिनी आणि वेठबिगार यांचे नातेही आम्ही ओढूनताणून जोडत नाही. १९९०च्या दशकात थायलंडकडे जाणाऱ्या यादाना वायुवाहिनीसाठी लष्कराने आपल्याला वेठीला धरले, असे म्हणत म्यानमारचे गावकरी १९९६ मध्ये त्या वाहिनीत भागीदार असलेल्या युनोकॅल कंपनीविरुद्ध थेट अमेरिकेतल्या न्यायालयात गेले. २००५ मध्ये त्या कंपनीने तडजोड केली.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. म्यावडीवर राजधानी नेपिडोतल्या सरकारची सत्ता चालतच नाही, तिथे सशस्त्र टोळ्यांचे राज्य आहे, मग अट घालायची कुणाला? याचे उत्तर थायलंडने ५ फेब्रुवारी २०२५ रोजी दिले. त्या दिवशी त्याने सीमेपलीकडची वीज, इंटरनेट आणि इंधन तोडले. त्यानंतर काही आठवड्यांत हजारो लोक टोळ्यांच्या अड्ड्यांतून बाहेर आले. १० आणि ११ मार्चला भारतीय हवाई दलाच्या विमानांनी मे सोतहून ५४९ भारतीयांना परत आणले. चीननेही आपल्या सीमेलगतच्या म्यानमारमधल्या कोकांग भागातल्या टोळ्यांवर २०२३च्या अखेरीस दबाव टाकला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये चीनमधल्या वेनझोऊच्या न्यायालयाने तिथल्या मिंग टोळीतल्या ११ जणांना मृत्युदंड सुनावला. म्हणजे तेल, वीज आणि पैसा ज्यांच्या हाती आहे, त्यांचे या टोळ्यांना ऐकावे लागते. नंतर काही ठिकाणी जनरेटर आणि उपग्रहावरचे इंटरनेट लावून तोच धंदा पुन्हा चालू झाला. एकदा वीज तोडून भागत नाही ते यासाठीच. करारातली अट दर हप्त्याला पुन्हा तपासावी लागते.

आणखी एक बोलणे आपल्याकडे कानावर येते: हे परतलेले तरुण स्वतःच फसवणूक करत होते, त्यांची कणव कशाला? ज्यांची आयुष्यभराची पुंजी अशा फोनवर गेली, त्यांचा संताप आम्हाला कळतो. पण मार खाऊन केलेले काम आणि टोळी चालवणे यांत फरक आहे. भारताने २०११ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या तस्करीविरोधी प्रोटोकॉलनुसार, फसवून किंवा धाकाने घेतलेली संमती ही संमतीच नव्हे. चौकशी जरूर व्हावी, पण तिची दिशा दलालाकडे हवी. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सायबर विभागाने म्यानमारमधून ६०हून अधिक भारतीयांना सोडवले आणि काही एजंटांना अटक केली, ती दिशा योग्य आहे. आपल्या कायद्यात मात्र एक फट राहिली आहे. दहावी उत्तीर्ण झालेल्याला परदेशी नोकरीसाठी सरकारी मंजुरी लागत नाही. न शिकलेल्या मजुराला जपण्यासाठी ही मंजुरीची व्यवस्था केली गेली. या टोळ्या मात्र संगणक चालवणारा, इंग्रजी बोलणारा पदवीधर शोधतात.

करारात अट येईल तेव्हा येईल, तोवर घरातही सावध राहता येते. दिवाळीत नातेवाईक जमतील, मुलांच्या नोकऱ्यांच्या गोष्टी निघतील. कुणी बँकॉकच्या नोकरीचे सांगितले, तर एजंटाचा नोंदणी क्रमांक मागा, तो परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहून घ्या, आणि पर्यटक म्हणून नोकरीला कुणालाही जाऊ देऊ नका.