अपयशाची पायरी घडवावी लागते

'अपयश ही यशाची पहिली पायरी आहे' हा सुविचार शाळेच्या फळ्यावर कधीच वाचलेला नाही, असा मराठी माणूस सापडणे कठीण. पण दहावीचा निकाल लागतो त्या दिवशी, गणितात नापास झालेल्या मुलाच्या घरात हा सुविचार कुणी उच्चारत नाही. शेजारून पेढे येतात, ते घेताना आईला ओशाळल्यासारखे होते आणि 'आता लोकांना काय सांगायचे?' या एकाच प्रश्नाभोवती घर घुटमळत राहते. फळ्यावरचा सुविचार आणि घरातले वागणे यांत एवढे अंतर का पडते?

हा प्रश्न आज पुन्हा विचारायला कारणही घडले आहे. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने आठवीपर्यंत कुणालाही नापास करायचे नाही, असे ठरवले होते. २०१९ साली त्यात दुरुस्ती झाली. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा घेण्याची आणि त्यात नापास झालेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवायचे की नाही, हे ठरवण्याची मोकळीक मिळाली. महाराष्ट्रात २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून अशी परीक्षा सुरू झाली. लगेच दोन तट पडले. 'ढकलगाडीमुळे मुलांचा अभ्यासच सुटला,' असे एक तट म्हणतो, तर 'नापासाचा शिक्का बसला की गरिबाचे मूल शाळा सोडते,' असे दुसरा. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण या वादात दुरुस्तीतला सर्वांत मोलाचा भाग बाजूला पडला. नापास झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन द्यायचे आणि निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेची संधी द्यायची, असे तिथे सांगितले आहे. म्हणजे खरा प्रश्न पास-नापासाचा नाहीच. नापास झाल्यानंतरच्या त्या दोन महिन्यांत काय होते, याचा आहे.

ते कसे व्हावे, याचा धडा आपल्या देशातच आहे. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटाहून भारताचा पहिला उपग्रहवाहक अग्निबाण, एसएलव्ही-३, झेपावला आणि काही मिनिटांतच बंगालच्या उपसागरात कोसळला. प्रकल्पाचे संचालक होते डॉ. अब्दुल कलाम. पण पत्रकारांना सामोरे गेले ते 'इस्रो'चे अध्यक्ष प्रा. सतीश धवन. अपयशाची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली आणि सहकाऱ्यांवरचा विश्वास जाहीरपणे बोलून दाखवला. पुढच्याच वर्षी, १८ जुलै १९८० रोजी, त्याच जातीच्या अग्निबाणाने ३५ किलो वजनाचा 'रोहिणी' उपग्रह कक्षेत नेऊन सोडला. त्या दिवशी मात्र धवनांनी पत्रकारांपुढे कलामांना पाठवले. ही आठवण पुढे कलामांनीच अनेकदा सांगितली.

चाळीस वर्षांनी तीच कसोटी पुन्हा लागली. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे 'चांद्रयान-२'चा 'विक्रम' चंद्रापासून अवघ्या दोनेक किलोमीटरवर असताना त्याच्याशी संपर्क तुटला. सारा देश हळहळला. पण शास्त्रज्ञ हळहळत बसले नाहीत. त्यांनी उतरतानाच्या क्षणाक्षणाच्या नोंदी तपासल्या. इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त पडला होता, यान हवे तितक्या वेगाने वळू शकत नव्हते आणि उतरण्यासाठी ठरवलेली जागा जेमतेम ५०० मीटर लांब-रुंद होती. मग 'चांद्रयान-३' साठी जागा सुमारे चार किलोमीटर लांब आणि अडीच किलोमीटर रुंद घेतली, पाय भक्कम केले, इंधन वाढवले, आज्ञावली सुधारली. काय काय चुकू शकते, याची यादी आधी करून मग यान बांधले, असे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी सांगितले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ते चंद्रावर अलगद उतरले.

यात चमत्कार नाही. वडीलधाऱ्याने पाठीशी उभे राहणे, चूक नेमकी शोधणे आणि पुढच्या खेपेला पद्धत बदलणे, या तीनच गोष्टी आहेत. त्यांना ना कोट्यवधी रुपये लागतात, ना प्रयोगशाळा. दहावीच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मंडळाकडून मिळते. एरवी ती मागवली तर गुण वाढतात का, हे पाहायला. पण तीच घेऊन आईने किंवा वडिलांनी मुलाशेजारी तासभर बसावे. गणित समजलेच नव्हते, की समजले होते पण वेळ पुरला नाही? दोन्हींचा निकाल 'नापास' असला तरी औषधे वेगळी आहेत. ते न पाहता नवी शिकवणी लावणे म्हणजे ताप मोजल्याविना गोळी देणे होय.

इथे एक सावधगिरीही हवी. चिकाटी म्हणजे हट्ट नव्हे. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत गावाकडची हजारो मुले-मुली स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी दहा लाखांच्या आसपास अर्ज आले आणि निवड झाली १,०१६ जणांची. खुल्या प्रवर्गातल्या उमेदवाराला सहा वेळा बसता येते. पण त्याच वह्या, त्याच चुका घेऊन चौथ्यांदा बसणे याला प्रयत्न म्हणता येत नाही. ती निव्वळ पुनरावृत्ती झाली. 'चांद्रयान-३' ही 'चांद्रयान-२'ची नक्कल नव्हती, म्हणून ते उतरले. कधी कधी तर अपयश एवढेच शिकवते की ही वाट आपली नव्हे. ते वेळीच ओळखून दुसरी वाट धरणाऱ्याला पळपुटा म्हणू नये, कारण त्यानेही अपयशाकडून धडाच घेतलेला असतो. मात्र हे बोलण्याची मोकळीक त्याला घरात हवी. शेती गहाण टाकून पैसे पाठवणाऱ्या वडिलांना 'मला जमत नाही' हे सांगता येत नाही, म्हणून किती मुले शहरात नुसतीच वर्षे काढत असतील!

दहावीची फेरपरीक्षा पूर्वी ऑक्टोबरमध्ये होई आणि मुलाचे वर्ष हमखास जाई. २०१५ पासून ती निकालानंतर काही आठवड्यांतच होऊ लागली. सरकारने दार उघडले आहे. मुलाला हात धरून तिथवर नेण्याचे काम घरानेच करायचे आहे. तेव्हा पुढच्या निकालाच्या संध्याकाळी शेजारचे पेढे हसतमुखाने घ्यावेत, मुलाला पोटभर जेवू घालावे आणि कुणाचा फोन आला तर 'गणित राहिले आहे, पुन्हा देणार आहे,' असे घरातल्या मोठ्या माणसाने स्वतः सांगावे. चूक कुठे झाली, ते दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी मिळून पाहावे.