आईला चालतंय की!

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी माझा जुना फोन फुगला. म्हणजे आतली बॅटरी फुगून मागचं झाकण वर आलं. सात वर्षं वापरला होता. मुलगा पुण्याहून आला होता, तो म्हणाला, "आई, टाक आता तो. स्फोट व्हायचा एखाद दिवशी." मग तो, त्याचे बाबा आणि मी असे तिघं बाजारात गेलो.

फोन माझा, पण बोलणं चाललं होतं त्या दोघांचं आणि काउंटरमागच्या पोराचं. बॅटरी किती, मेमरी किती, कॅमेरा किती. मी बाजूच्या स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. मध्येच ते पोरगं माझ्याकडं वळून म्हणालं, "अक्का, डिस्प्ले बघा की, केवढा मोठा!" डिस्प्लेवर एक पोपट पंख पसरत होता. लाल, हिरवा, पिवळा. पोपट सुरेखच होता. शेजारी दुसरं एक मॉडेल होतं, दीड हजारानं महाग. मुलानं विचारलं, फरक काय? "स्क्रीन जरा बरी आहे." त्यावर मुलगा जे बोलला तेच मी या लेखाला नाव दिलंय. "आईला हा चालतंय की. ती काय गेम खेळणाराय?"

आणि मी मान हलवली. हे आधीच सांगून टाकते. पुढं मी बऱ्याच जणांवर रागावणार आहे, त्यात पहिला नंबर माझा.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी अंथऊ आटोपून नेहमीसारखी वाचायला बसले. जुन्या मराठी ग्रंथांच्या स्कॅन केलेल्या प्रती माझ्या फोनमध्ये आहेत. बस्तीतल्या स्वाध्यायात पाळीपाळीनं वाचन असतं, त्याची तयारी मी त्यावरच करते. पान उघडलं, तर अक्षरं विस्कटलेली. जोडाक्षर म्हणजे शाईचा डाग. 'व' आणि 'ब' ओळखायला पान ओढून मोठं करायचं, की ओळ बाहेर जाते. ओळ आत आणावी, की अक्षर बारीक होतं. मला वाटलं नंबर वाढला. डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जाऊन आले. नंबर होता तोच आहे. शेवटी तो फुगका फोन कपाटातून काढायला निघाले, तेव्हा ह्यांनी हात धरला. पण एवढं मला पक्कं आठवत होतं, की त्या छोट्या फोनवर हीच पानं मी घडघड वाचत होते.

मग मी दोन्ही फोनची खोकी काढून बसले. बारीक अक्षरात लिहिलेलं भिंगातून वाचलं आणि कपाळाला हात लावला.

मैत्रिणींनो, पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. ठिपके जितके जवळ, तितकी रेघ नितळ. माझा जुना पडदा साडेपाच इंचांचा, त्यावर ठिपके 1080 गुणिले 1920, म्हणजे साधारण पावणेएकवीस लाख. नवा पडदा 6.7 इंचांचा, आणि ठिपके 720 गुणिले 1600, म्हणजे साडेअकरा लाख. अंगण वाढवलं आणि ठिपके निम्म्यावर आणले! जुन्यावर एका इंचात चारशे ठिपके बसत होते, नव्यावर दोनशे साठच्या आसपास. शेजारचा तो दीड हजारानं महाग फोन 1080 गुणिले 2400 चा होता. ठिपके सव्वादोन पट. दुकानात त्याला "जरा बरी" म्हणतात.

आणि गंमत बघा, खोक्यावर मोठ्या अक्षरात काय छापलंय? 50 मेगापिक्सेलचा कॅमेरा. म्हणजे पाच कोटी ठिपक्यांचा. पाच कोटींचा फोटो काढायचा आणि साडेअकरा लाखांत बघायचा. घागरभर आमरस करून वाटीनं मोजून वाढल्यासारखं झालं हे. दुसरं मोठं अक्षर, 90 हर्ट्झ. त्याचा अर्थ पडदा सेकंदाला 90 वेळा नवा होतो, बोटानं सरकवताना चित्र अडखळत नाही. अक्षर स्पष्ट होण्याशी त्याचा संबंध नाही. तिसरं, एचडी प्लस. ऐकायला केवढं भारी! 'फुल' हा एक शब्द त्यात नाही आणि सगळी मेख तिथंच आहे.

रंगांचीही तीच कथा. भाचीच्या लग्नासाठी शहापूरच्या एका दुकानदारानं साड्यांचे फोटो पाठवले. मी अंजिरी निवडली. घरी आली ती मरून. त्या बिचाऱ्याला मी चार शब्द सुनावले, आणि मग तोच फोटो मुलाच्या फोनवर बघितला. मरूनच होती. दुकानदाराला परत फोन करून माफी मागितली.

आता कुणी म्हणेल, खोक्यावर लिहिलं होतं ना, मग फसवलं कुठं? खरं आहे. जे लिहिलं तेच दिलं. ग्राहक संरक्षण कायदा 2019 ग्राहकाला मालाचा दर्जा आणि प्रमाण जाणून घ्यायचा हक्क देतो, पण जी बाई स्टुलावर गप्प बसली तिनं कुठल्या तोंडानं तक्रार करायची? कायद्यानं दुकानदार सुटतो. पण आपल्या समाजात निम्मी घरं व्यापारातली आहेत, म्हणून विचारते. अचौर्य अणुव्रताचे अतिचार आपण लहानपणी पाठ केलेत. मापात कमी-जास्त करणं आणि एक दाखवून दुसरं देणं, हे दोन त्यात आहेत. भर उजेडाचा पोपट दाखवायचा आणि वाचायला धुरकट पान द्यायचं, हे कशात बसतं? तांदूळ विकताना आपण मूठभर काढून गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवतो. फोन विकताना तिच्या भाषेतलं एक पान उघडून का दाखवत नाही?

पण दुकानदारापेक्षा मला जास्त लागलंय ते घरातलं वाक्य. आईला चालतंय. का चालतंय? पन्नाशीनंतर डोळ्याची बाहुली पहिल्यासारखी मोठी होत नाही, आत उजेड कमी शिरतो, जवळचं दिसायला चष्मा लागतो. म्हणजे चांगल्या, उजळ, नितळ पडद्याची गरज पंचविशीच्या मुलाला जास्त, की त्याच्या आईला? तो पडद्यावर हालती चित्रं बघतो. मी अक्षरं वाचते. आणि किती तऱ्हेची! आमच्या बेळगावात लाइटबिल कानडीत येतं, बँकेचा मेसेज इंग्रजीत, ग्रंथ मराठीत. सासूबाईंच्या रक्ताच्या रिपोर्टमधला आकडा मीच वाचायचा, त्यात टिंब कुठं आहे ते मीच बघायचं. घरातलं सगळं बारीक वाचन जिच्या गळ्यात, तिलाच सगळ्यांत भुरका पडदा. साठ हजारांचा फोन खिशात घेऊन फिरणारा माझा मुलगा वाईट नाही हो. गुणी आहे, पैसे त्यानंच दिले. फक्त आई फोनवर काय करते, हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि मी कधी सांगितलं नव्हतं.

महिला मंडळात हे बोलले तेव्हा एक काकू हसून म्हणाल्या, "अगं, परिग्रह कमी करायचा आपण, आणि तू फोनच्या काचेसाठी रडतीस?" काकूंचा मान ठेवून सांगते, परिग्रहाचं परिमाण म्हणजे वाईट वस्तू घेणं नव्हे. मोजकं घ्यावं आणि पुष्कळ दिवस वापरावं. जुना फोन मी सात वर्षं चालवला, कारण तो वाचता येत होता. हा वर्षात नकोसा झालाय. दीड हजार वाचवून घरात कचरा वाढवला, ह्यात संयम कुठला?

म्हणून एवढंच करा. फोन घ्यायला दिवसा जा. आपलं नेहमीचं वाचन, एखादं स्कॅन केलेलं पान, दुकानातल्या नमुन्याच्या फोनवर उघडायला सांगा. पोपट बंद करायला लावा. उजेड निम्म्यावर आणून वाचा, मग पूर्ण करून दुकानाच्या पायरीवर उन्हात उभं राहून वाचा. मोबाइल तिरका धरून पांढरं पान पिवळं पडतं का बघा. आणि एकच प्रश्न विचारा, 720 की 1080? पोरगं चमकेल, पण उत्तर देईल. लाजू नका. साडी घेताना आपण दहा घड्या मोडायला लावतो, ती चार वेळा नेसायची असते. हा पडदा दिवसातून पन्नास वेळा डोळ्यांपुढं येणार.

परवा मुलाला फोनवर हे सगळं सांगितलं. तो जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "आई, तेव्हाच सांगायचं होतंस." मी म्हटलं, "तू विचारलंस कुठं?" तो म्हणाला, "बदलून घेऊया." मी नको म्हटलं. आहे तो आता चालवेन, ग्रंथ कागदावरच वाचेन. पण पुढच्या वेळी स्टुलावर तो बसेल, आणि काउंटरशी मी उभी राहीन.