झुलपांचे दुःख, टोपीचे दुःख

'तेव्हाचे दुःख खरे होते' असे म्हणणाऱ्यांची संख्या अलीकडे फार वाढली आहे. डोळ्यांवर ओढलेली झुलपे, नखांना काळा रंग, ऑर्कुटच्या प्रोफाइलवर डकवलेली गाण्याची ओळ! इमो म्हणवणाऱ्या त्या संगीताच्या आठवणीने पस्तिशी-चाळिशीतली लेखकमंडळी गहिवरू लागली आहेत. लास व्हेगासला २०२२ मध्ये या गहिवराचा 'व्हेन वुई वेअर यंग' नावाचा महोत्सवच भरला. माय केमिकल रोमान्स त्यात अग्रभागी होते. तिथे तो उघड धंदा आहे. आपल्याकडे मात्र त्याला 'आमच्या पिढीची संवेदना' म्हणण्याची टूम निघाली आहे. आमचा आक्षेप या 'आमच्या'ला आहे.

पिंपळे गुरवच घ्या. २००६ साली 'द ब्लॅक परेड' हा अल्बम आला तेव्हा तो इथे ऐकला कोणी? ज्याच्या घरी संगणक आणि शाळेत इंग्रजी होते, त्याने. आयटीआय करून भोसरीच्या एमआयडीसीत कंत्राटावर लागलेला मुलगा तासावर पैसे मोजून सायबर कॅफेत बसे. त्याच्या कानात 'जहर'मधले आतिफ अस्लमचे 'वो लम्हे' असे, नाहीतर हिमेश रेशमियाचा अनुनासिक टाहो. ऑर्कुटवर तोही होता. रात्रपाळी करून आल्यावर तोही कोणाला तरी स्क्रॅप लिहीत होता. त्याला 'छपरी' म्हणून हसले ते हेच झुलपेवाले.

मराठीच्या अभ्यासकांना यात नवे काही वाटू नये. रविकिरण मंडळातल्या माधव जूलियनांनी फारसीकडून गझल आणली. अत्र्यांनी १९२५ च्या 'झेंडूची फुले'त त्या मंडळींची यथेच्छ टर उडवली. आपण वर्गात दोघेही शिकवतो, आणि दुःखाचा पेहराव उसना असला म्हणून दुःख उसने ठरत नाही, हेही सांगतो. मग ही सवलत न्यू जर्सीच्या झुलपांना द्यायची आणि हिमेशच्या टोपीला नाकारायची, हे कोणत्या समीक्षेत बसते?

ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. रोमन लिपीत लिहिलेली ती वेडीवाकडी मराठी त्याच्याबरोबर गेली. झुलपेवाल्यांकडे निदान लेखणी आहे, आठवणी पुन्हा लिहून काढायला. प्रबंधाला विषय मिळत नाही म्हणून आपल्या विभागांत दरवर्षी ओरड असते. सृष्टी चौकात उभ्या असलेल्या चाळिशीच्या कोणत्याही रिक्षावाल्याला विचारा, त्या वर्षी मोबाइलवर रिंगटोन कोणती होती. तो क्षणभरही थांबणार नाही.