७१ वेळा जिंकलेली टीम

प्लेऑफला जायचे चान्सेस जवळपास शून्य. मालक खिशात हात घालायला तयार नाही. मे महिन्यातच मॅनेजरची नोकरी गेलेली. अशा टीमचा अख्खा सीझन कोण बघेल? मी बघितला! टीम पिट्सबर्ग पायरेट्स, सीझन २०२५. आणि शप्पथ सांगते, जाम मजा आली.

'बेसबॉल? आणि आपण?' असं म्हणून पान उलटू नका. माझा मावसभाऊ कार्नेगी मेलनला शिकायला म्हणून पिट्सबर्गला गेला आणि तिथेच रमला. ही लागण त्याच्याकडून. तसं पायरेट्सचं आपल्याशी थोडं जुनं नातंही आहे. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू आठवतात? 'मिलियन डॉलर आर्म' स्पर्धेतून पुढे आलेले? २००८मध्ये त्यांना करारबद्ध केलं ते याच पायरेट्सनी. दोघंही मेन टीमपर्यंत पोचले नाहीत. त्यांच्यावर २०१४मध्ये सिनेमा मात्र निघाला. असो.

आधी थोडं गणित. मेजर लीगमध्ये ३० टीम्स, त्यातल्या १२ प्लेऑफला जातात. त्याआधी मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर प्रत्येकीच्या १६२ मॅचेस. म्हणजे जवळजवळ रोजचा रतीबच! आयपीएलमध्ये चौदापैकी आठ हरलो की आपण टीव्ही बंद करून प्लेअर्सच्या नावाने शिमगा करतो. इथे मात्र चांगली टीमसुद्धा सत्तर वेळा हरते, आणि टुकार टीमही साठ वेळा जिंकते. पायरेट्स २०२५मध्ये ९१ हरले, पण ७१ जिंकले की! वर्षात ७१ वेळा तुमचा बॉस तुम्हाला 'वेल डन' म्हणतो का? मग?

आता त्या सीझनमधले दहा दिवस ऐका. जूनच्या शेवटी मेट्स पिट्सबर्गला आले. न्यूयॉर्कची टीम, पैशाला तोटा नाही. पायरेट्सनी त्यांना तीन मॅचेसमध्ये मिळून ३०-४ असं धुतलं. मग कार्डिनल्स आले. ७-०, १-०, ५-०. तीन मॅचेस, आणि समोरच्यांना एक रन मिळाली नाही! मावसभावाचे मेसेज अक्षरशः ओसंडून वाहत होते. मग स्वारी सिअ‍ॅटलला गेली. तिथे काय झालं? ०-६, ०-१, ०-१. आता यांना तीन मॅचेसमध्ये एक रन नाही! पाठोपाठच्या दोन सिरीजमध्ये एकदा असं करून दाखवणारी आणि लगेच स्वतःवर ओढवून घेणारी लीगच्या इतिहासातली ही पहिली टीम. प्लेऑफचं टेन्शन असतं तर त्या आठवड्याने रडवलं असतं. मी ऑफिसच्या कॅबमध्ये एकटीच हसत होते, ड्रायव्हरकाका आरशातून बघत होते.

आणि मग पॉल स्कीन्स. उंच, मिशीवाला, ताशी १६० किलोमीटरच्या आसपास बॉल टाकणारा. २०२५मध्ये नऊ इनिंगमागे त्याने सरासरी १.९७ रन दिल्या, २१६ बॅटर्सना स्ट्राइकआउट केलं आणि सर्वोत्तम पिचरचं साय यंग अवॉर्ड एकमताने पटकावलं. त्याच्या नावावर विजय किती? १०. पराभव? तेही १०! कारण तो समोरच्यांना रोखणार आणि आपले बॅटर्स रन काढायला विसरणार. सिअ‍ॅटलच्या त्या शेवटच्या मॅचमध्ये त्याने पाच इनिंगमध्ये एकही रन न देता दहाजणांना स्ट्राइकआउट केलं, आणि टीम हरली ०-१. अशा वेळी चिडचिड होते, नाही असं नाही. पण पिचरची पाळी पाच-सहा दिवसांनी येते, आणि स्कीन्सची पाळी असली की ती टीम कितव्या नंबरवर आहे याच्याशी मला काही देणंघेणं नसायचं. चांगला गवई रिकाम्या हॉलमध्ये गातोय म्हणून आपण उठून जातो का?

त्यात ते स्टेडियम! पीएनसी पार्क, २००१पासूनचं. समोर अ‍ॅलेघेनी नदी, पलीकडे डाउनटाउनच्या इमारती, आणि मधे रॉबर्टो क्लेमेंटेच्या नावाचा पिवळा पूल. क्लेमेंटे म्हणजे पायरेट्सचं दैवत. बरोब्बर ३००० हिट्स झाल्या आणि ३१ डिसेंबर १९७२ला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान कोसळून गेला. त्याचा नंबर २१, म्हणून उजवीकडची भिंत २१ फुटांची. मॅचच्या मधेच पिरोगींची रेस लागते. पिरोगी म्हणजे आपल्या करंजीची उकडलेली पोलिश बहीण, आत बटाटा आणि चीज. तिचे भलेमोठे मुखवटे घालून माणसं मैदानात पळतात आणि पब्लिक त्यावर पैजा लावतं. याला काय पॉइंट्स टेबल लागतं?

मावसभावाचा एक मित्र मात्र फार चिडतो. त्याचं म्हणणं, 'तुम्ही असे खुशीत तिकिटं काढता म्हणूनच मालक पैसा लावत नाही.' मुद्दा खोटा नाही. टीम प्लेऑफला शेवटची गेली २०१५मध्ये, आणि प्लेअर्सच्या पगारावर सर्वांत कमी खर्च करणाऱ्यांत ती नेहमीची. २०२५च्या पहिल्याच होम मॅचला 'सेल द टीम!' अशा घोषणा झाल्या. त्याच महिन्यात भिंतीवरचं क्लेमेंटेच्या २१ नंबरचं चिन्ह काढून तिथे दारूची जाहिरात लावल्याचं उघड झालं, बोंब झाली, तेव्हा क्लबने माफी मागून ते परत लावलं. त्या लोकांनी आवाज केला नसता तर ते चिन्ह परत आलं असतं? मला नाही वाटत. आणि आवाज करणारे कोण होते? रोज मॅच बघणारेच. ज्यांनी कंटाळून टीव्ही बंद केला होता, त्यांना भिंतीवर काय लिहिलंय हे दिसलंच नसतं. त्यामुळे मालकाला शिव्या घालायच्या आणि मॅचही बघायची, या दोन्ही गोष्टी एकाच खुर्चीत बसून करता येतात असं माझं स्पष्ट मत आहे. मित्राला ते पटलेलं नाही. तिकीट मात्र तोही काढतो.

जूनमध्ये अँड्र्यू मॅककचनने होम रन मारून पायरेट्सच्या यादीत क्लेमेंटेला मागे टाकलं, तेव्हा हाच मित्र उभा राहून टाळ्या पिटत होता म्हणे.

तुम्हाला बघायचंय? एकच प्रॅक्टिकल सल्ला. पिट्सबर्गची संध्याकाळची मॅच आपल्याकडे पहाटे चारच्या पुढे सुरू होते, त्या भानगडीत वर्किंग डेला पडू नका. वेळापत्रकात तिथली दुपारची मॅच शोधा. साडेबाराची असेल तर आपल्याकडे रात्रीचे दहा वाजलेले असतात. जेवण झालेलं, लॅपटॉप मिटलेला. स्कीन्सची पाळी आहे का तेवढं आधी बघून घ्या.