प्रश्न विचारण्याचीही रीत असते

विचारणारास जीभ आहे, म्हणून ज्यास विचारावयाचें त्यास काळीज नाहीं असें थोडेंच आहे? गेल्या महिन्यांत जें पाहिलें त्यावरून हें लिहिणें भाग पडत आहे.

आमच्या गांवाबाहेर गायरानांत पारध्यांचीं सात-आठ पालें आहेत. तेथील एक मुलगी आमच्या शाळेंत चौथींत शिकते. एके दिवशीं शहरांतून दोघे शिकलेले तरुण वही व कॅमेरा घेऊन पालावर आले आणि तिच्या आजीस उभ्याउभ्या पहिलाच प्रश्न केला, "काय गं म्हातारे, तुम्ही लोकांनीं चोऱ्या कधीं सोडल्या?" नात शेजारींच होती. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेंत येईना. आम्ही चौकशीस गेलों तेव्हां आजी म्हणाली, "गुरुजी, जन्मभर लोकांच्या रानात खुरपं चालवलं. त्याचं कुणी इचारलं न्हाई."

१८७१ सालीं इंग्रज सरकारनें जमातीच्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा कायदा केला. १९११ च्या कायद्यानें तें जोखड मुंबई इलाख्यावरही आलें. १९५२ सालीं कायदा रद्द झाला, पण हजेरी कांहीं सुटली नाहीं. पूर्वीं ती पोलीस पाटील घेई, आतां वहीवाला सुशिक्षित घेतो, एवढाच फरक!

कोणी म्हणेल, खरी माहिती हवी तर कडू प्रश्न विचारावेच लागतात. कबूल. पण प्रश्नाचा कामाशीं संबंध नको काय? पाण्याची, शिधापत्रिकेची, दाखल्याची चौकशी करावयास आलेल्यानें चोरी कशाला काढावी? सावकाराच्या ओसरीवर बसून हाच प्रश्न कोणी करील काय? जो प्रश्न वाड्यांत विचारण्याची छाती होत नाहीं, तो पालावरही विचारूं नये.

१८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत जोतीराव फुले यांनीं मागितलें होतें कीं, शिक्षक शेतकरी वर्गांतले असावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील व त्यांच्या गरजा ओळखतील. आम्ही तसेच शेतकऱ्याच्या घरचे शिक्षक. तरी आमचे हात स्वच्छ आहेत काय? शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे दिवस आले कीं भर वर्गांत "अमक्या जातीचीं मुलें उभीं रहा" असें म्हणण्याची खोड आम्हांस कित्येक वर्षें होती. मुलें उभीं राहत, पण मान खालीं घालून. दाखला तर आईबापांकडे एकांतीं मागतां आला असता. आतां तसा मागतों. उशीरा सुचलेलें शहाणपण, दुसरें काय!

म्हणून विचारणारांस हात जोडून सांगणें कीं, आधीं खालीं बसा. कोण आहांत, कशासाठीं आलांत, लिहिलेलें कोठें जाणार तें सांगा. "अहो आजी" म्हणा. चारचौघांत, विशेषतः लेंकरांसमोर, उणें काढूं नका. "नाहीं सांगत" म्हणाली, तर तो तिचा हक्क समजा. लिहिलेलें तिला वाचून दाखवा. आणि उठण्यापूर्वीं "आजी, मीं काय विचारावयास हवें होतें?" एवढें अवश्य विचारा. खरी माहिती बहुधा तेथूनच सुरू होते.

ती मुलगी आठ दिवसांनीं शाळेंत आली. पहिलाच प्रश्न तिनें आम्हांस केला, "गुरुजी, ते परत येणार का?" येवोत खुशाल, पण माणसासारखे येवोत.